रुखवताचा हिशेब

रुखवत म्हटलं की हल्लीच्या मुलामुलींच्या डोळ्यांसमोर काय येतं, हे मी मध्ये चार-पाच जणांना मुद्दाम विचारून पाहिलं. उत्तर जवळपास एकच आलं. थर्माकोलचं देऊळ, सात सुपाऱ्यांची सप्तपदी आणि कोपऱ्यात मिक्सर. कार्यालयात एका भिंतीला लावलेली दोन टेबलं, त्यांवर पांढरी चादर, आणि जेवणाच्या रांगेकडे जाता जाता तिकडे एक नजर टाकणारे पाहुणे. आमच्या पिढीतल्या बायकांना मात्र रुखवत म्हटलं की आधी मान आणि पाठ आठवते!

या टेबलाचा इतिहास, मला माहीत आहे तेवढा, लिहून ठेवावा असं बरेच दिवस मनात होतं. इतिहास म्हटलं म्हणून घाबरू नका, सनावळ्या बेताच्याच आहेत. ३१ वर्षं शाळेत शिकवल्यावर थोड्या येणारच.

मुळात रुखवत म्हणजे खाणं. मुलाकडची मंडळी लग्नाच्या गावी आली की त्यांचा उतारा जानवशाला असे. लग्न लागायच्या आधी मुलीकडच्या बायका वाजतगाजत तिकडे जात आणि नवरदेवासाठी जेवणाचे, फराळाचे पदार्थ नेत. ते रुखवत. ताटं आणि पराती रुमालांनी झाकलेल्या असत, आणि रुमाल काढायचा तर उखाणा घेऊनच. रुखवताचे उखाणे आणि गाणी वेगळीच होती, त्यांत विहिणीची आणि व्याह्यांची यथेच्छ थट्टा चाले. एरवी मान खाली घालून वावरणाऱ्या मुलीकडच्या बायकांना तेवढा एक मोकळा वेळ.

मग या खाण्यात शोभा कुठून शिरली? माझं मत असं की ती वळवटातून शिरली. लाडू, करंज्या, अनारसे, साटोऱ्या यांना आयुष्य थोडं. त्या आदल्या आठवड्यात होणार आणि खाऊन संपणार. वळवट मात्र महिनोन् महिने टिकतं, म्हणून ते आधीपासून करून ठेवता येतं आणि वाटीत घालून मांडलं की दिसतंही सुरेख. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगते. रवा घट्ट भिजवायचा, कुटून मऊ करायचा आणि त्याची बारीकशी चिमूट घेऊन आकार द्यायचे. गव्हाच्या दाण्याएवढे वळले की गव्हले. नखावर दाबून वळले की नखुले. बोटावर वळले की बोटवे. फणीच्या दातांवर दाबून रेघा उमटवल्या की फणुल्या. शिवाय मालत्या. नावं गावागणिक थोडी बदलतात. मग ते सगळं सावलीत वाळवायचं. पसाभर गव्हल्यांना एका बाईची सबंध दुपार जाते, आणि त्यांची खीर पंगतीत दोन घासांत संपते.

आमच्या वाड्यात गव्हल्यांसाठी मोठ्या काकूचा हात नावाजलेला होता. एकसारखे, जणू पोत्यातून काढलेले गहू. काकू विशीतच विधवा झाली होती. लग्नघरी मुहूर्त करायचा म्हणजे हळकुंडं फोडायची आणि पाच सवाष्णींनी पहिले गव्हले वळायचे. त्या दिवशी काकू माजघरात यायची नाही. कुणी नको म्हणायचंही नाही, तीच यायची नाही. दुसऱ्या दिवसापासून उरलेलं सगळं पीठ तिच्या पाटासमोर येऊन पडे. टेबलावर ज्या वाट्यांचं कौतुक होई त्या तिच्याच असत, आणि ते कौतुक ऐकायला ती मांडवात नसे. मला हे लहानपणी खटकलं होतं असं म्हणणं खोटं होईल. तेव्हा ते पावसाळ्यात पाऊस पडावा इतकं साधं वाटायचं.

वळवटाच्या शेजारी शिवण-विणकाम येऊन बसलं ते मुलींच्या शिक्षणाबरोबर. गंमत वाटेल, पण आहे खरं. मुली शिकायला लागल्या तशी 'शिकून घरकाम विसरतील' ही ओरडही सुरू झाली. रमाबाई रानड्यांच्या पुण्यातल्या सेवासदनात (१९०९) शिवण आणि हस्तकला शिकवत, त्यामागे गरजू बाईला दोन पैसे मिळावेत हा सरळ हेतू होता. अण्णासाहेब कर्व्यांनी १९१६ मध्ये महिला विद्यापीठ काढलं, तिथे शिक्षण मातृभाषेतून आणि अभ्यासात गृहजीवनाचाही विषय. म्हणजे बाईच्या हातातल्या कामाला अभ्यासाचा मान मिळाला. पण लग्नाच्या बाजारात त्याचा अर्थ वेगळा लागला. मुलगी बघायला आलेल्यांपुढे आई हळूच टेबलक्लॉथ आणून ठेवू लागली. 'हे हिनंच विणलंय हं.' पुढे लग्नात तोच टेबलक्लॉथ, क्रोशाचे ताटरुमाल, मण्यांची तोरणं आणि महिरपी रुखवताच्या टेबलावर गेल्या. खाण्याचं ताट होतं तिथे मुलीच्या परीक्षेचं टेबल झालं.

मी शाळेत इतर विषयांबरोबर कार्यानुभवाचे तासही घेत असे. कोठारी आयोगानं (१९६४–६६) शाळांत कार्यानुभव असावा अशी शिफारस केली, त्यातून आलेला हा विषय. वर्षाच्या शेवटी आमचं प्रदर्शन असायचं. घोटीव कागदाची फुलं, काथ्याची पायपुसणी, करवंटीची दिवली. प्रत्येक वस्तूखाली चिठ्ठी लावायची, नाव आणि इयत्ता. एखाद्या मुलाची चिठ्ठी पडली तर तो रडकुंडीला यायचा. रुखवताच्या टेबलावर अशी चिठ्ठी कधी नसे. तिथे सगळं 'नवरीनं केलंय' असंच म्हणायचं, मग ते काकूनं केलेलं असो, शेजारणीनं असो की धाकट्या भावानं.

आता आमच्या घरचं एक टेबल. ताईचं लग्न मे १९७३ मध्ये बार्शीत झालं. १९७२ च्या दुष्काळाचं ते वर्ष. सोलापूर जिल्ह्यात विहिरींनी तळ गाठलेला, रेशनवर अमेरिकेतून आलेला तांबडा मिलो. साठ-सत्तरच्या दशकांत निरनिराळ्या राज्यांत लग्नात किती माणसं जेवू घालायची यावर सरकारी हुकूम निघत असत. आम्हाला हुकमाची गरजच नव्हती, घरात धान्यच नव्हतं. वडील आडत दुकानात दिवाणजी. माल आला तर आडत चालणार! लग्न पुढे ढकलावं असं घाटत होतं, पण मुलाकडच्यांनी 'पन्नास माणसांत उरकू' म्हणून निरोप पाठवला. देणंघेणं काही नाही. मंडळी चांगली होती.

आईनं ठरवलं, पंगत साधी झाली तरी रुखवत झालंच पाहिजे. आणि झालं.

रवा अगदी थोडा मिळाला होता. म्हणून वाट्यांच्या तळाशी रद्दी कागदाचे गोळे घालून वर गव्हले, नखुले पसरले, म्हणजे पाचही वाट्या शिगोशीग दिसाव्यात. (ही युक्ती काकूची. उपमा-खिरीची वेळ आली असती तर पंचाईत होती.) सुक्या खोबऱ्याच्या वाट्यांना ब्लेडनं कातरून कंगोरे पाडले आणि हळदी-कुंकवानं रंगवलं. सुपाऱ्यांचे भटजी केले, त्यांना दोऱ्याची जानवी. आईच्या दोन विरलेल्या लुगड्यांच्या काठांचं तोरण झालं. मण्यांची महिरप ताईनं ओवली, त्यातले निम्मे मणी शेजारच्या घरच्या तुटलेल्या तोरणाचे. आणि सगळ्यात गाजली ती आगगाडी. नवरदेव कुर्डुवाडीच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये नोकरीला, म्हणून धाकट्या भावानं रिकाम्या काडेपेट्यांची बार्शी लाइट केली. बुटांच्या पॉलिशच्या डब्या जोडून इंजिन, शर्टाच्या बटणांची चाकं, धुराड्यातून कापसाचा धूर. बार्शी लाइट म्हणजे आमच्याकडची नॅरो गेज गाडी, १८९७ पासून धावणारी. तिच्या सावकाशीवर आख्खा तालुका विनोद करायचा. वऱ्हाडातल्या एका म्हाताऱ्यांनी ती काडेपेट्यांची गाडी बोटानं ढकलून पाहिली आणि 'ही खऱ्या गाडीपेक्षा लवकर पोचेल' म्हणाले. ते वाक्य आमच्या घरात अजून चालतं.

वडिलांची लग्नखर्चाची वही माझ्याकडे आहे. त्यात या सगळ्याची एकच ओळ आहे, 'रुखवत सामान – ३८ रु.' दोऱ्याच्या गुंड्या, घोटीव कागद, बेगड, डिंक, थोडे मणी, रवा, खोबरं.

तेव्हापासून आमच्याकडे अडतीस रुपयांतलं रुखवत ही एक आख्यायिकाच होऊन बसली आहे. कुणाच्या लग्नात उधळपट्टी दिसली की हमखास निघते. मीही ती कितीतरी वेळा सांगितली. पण शिक्षिकेला वही दिसली की उरलेल्या ओळी भराव्याशा वाटतात. म्हणून मागच्या उन्हाळ्यात बसून, आठवून, तासांचा हिशेब मांडला. वळवटाला आई, काकू आणि दोन शेजारणी, बारा दुपारी, रोज तीन तास, म्हणजे १४४. ताईचं क्रोशाचं काम पाच महिने, रात्री जेवणं उरकल्यावर तासभर, म्हणजे १५०. महिरपीला ४०. खोबरं, सुपाऱ्या, तोरण, आगगाडी यांत मी, भाऊ आणि माझ्या दोन मैत्रिणी, सगळे मिळून ६०. बेरीज ३९४. आठ तासांचा दिवस धरला तर एका माणसाचे ४९ दिवस. वहीत त्यांची ओळ नाही.

आणि त्याच वेळी गावाबाहेर दुष्काळी कामं चालू होती. खडी फोडायला, पाझर तलावाची माती उचलायला बायका मोठ्या संख्येनं जात. तिथे मस्टर असायचं, हजेरी लागायची, कामाचं मोजमाप व्हायचं. मजुरी तुटपुंजी, हातावर सुकडी, वर मे महिन्याचं ऊन. त्या कामातून पुढे रोजगार हमी उभी राहिली आणि १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. मी दोन्ही गोष्टी एका पारड्यात घालत नाही. उन्हात खडी फोडणं कुठे आणि ओसरीवर बसून गव्हले वळणं कुठे! पण बाईच्या कामाचे तास कागदावर लिहिता येतात हे मी पहिल्यांदा त्या मस्टरमुळे पाहिलं, एवढंच.

तसं ते त्याआधीही कुणीतरी लिहिलं होतं. १५ मार्च १९५९ रोजी मुंबईत गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन गच्चीवर पापड लाटायला घेतले. तोच पापड, जो आपल्याकडे रुखवतात नि साठवणीत फुकट लाटला जायचा. त्याचे पैसे लाटणारणीला मिळू लागले आणि त्यातून लिज्जत उभं राहिलं. त्या सातजणींपैकी जसवंतीबेन पोपट यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. पीठ तेच, लाटणं तेच, हातही तसलेच.

लग्नातला खर्च कमी करा असं आपल्याकडे सांगणारे पुष्कळ होऊन गेले. डिसेंबर १८७३ मध्ये पुण्यात सत्यशोधक पद्धतीनं पहिलं लग्न लागलं ते भटजीशिवाय, हुंड्याशिवाय आणि अगदी थोड्या पैशांत. त्यांनी कर्जाचं मूळच कापलं. पण पुढच्या काळात 'साधं लग्न' म्हणजे रोख खर्च कमी आणि घरच्या बायकांचं काम दुप्पट, असा अर्थ बऱ्याच घरांत झाला. मुलाकडे 'आम्हाला काही नको, फक्त मुलगी द्या' म्हणायचे, आणि मुलीची आई मात्र रुखवतासाठी दिवाळीपासून डोळे फोडत बसायची.

नंतर टेबलावर स्टील आलं. पितळ-तांब्याची भांडी मागे पडली आणि स्टीलचे डबे एकावर एक रचून मनोरे उभे राहू लागले. मग प्रेशर कुकर, मिक्सर, पुढे टीव्ही. हुंडाबंदीचा कायदा १९६१ चा, पण आपखुशीच्या भेटींना त्यात वाट राहिली. १९८४ च्या दुरुस्तीनं अशा भेटींची यादी ठेवा असं सांगितलं. यादी ठेवलेली मी कुठे पाहिली नाही. ती यादी म्हणजे रुखवताचं टेबलच झालं, फक्त ते भर मांडवात मांडलेलं. एका लग्नात मुलाकडची एक बाई त्या टेबलापाशी उभी राहून बोटानं डबे मोजताना मी पाहिली. तिच्या चेहऱ्यावर संकोच नव्हता, आणि शेजारी उभ्या असलेल्या मुलीच्या आईच्या चेहऱ्यावर जे होतं ते इथे लिहीत नाही. मुलीच्या हातची परीक्षा होती तोवर निदान मार्क तरी मुलीला मिळत.

त्या डब्यांच्या मध्ये हातची कला म्हणून थर्माकोल आला. देवळं, बंगले, विहिरी, तुळशीवृंदावनं. हलका, स्वस्त, कापायला सोपा. मला तो कधी आवडला नाही, त्याच्या चुऱ्यानं वर्ग झाडता झाडता जीव नकोसा व्हायचा. २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेनं महाराष्ट्रात सजावटीच्या थर्माकोलवर बंदी आली. हल्ली तर रुखवत भाड्यानंही मिळतं. सकाळी येतं, संध्याकाळी परत जातं, दुसऱ्या दिवशी दुसऱ्या नवरीनं 'केलेलं' असतं. यावर नाकं मुरडणारे खूप आहेत. मी मुरडत नाही. नोकरी करणाऱ्या मुलीकडे ३९४ तास आणायचे कुठून? आणि ते भाड्याचं सामान करणाऱ्या, बचत गटातून वळवट विकणाऱ्या बाईला त्याचे पैसे मिळतात.

हा सगळा हिशेब मी ताईला वाचून दाखवला. ती आता ७७ वर्षांची आहे. मला वाटलं होतं ती 'बघ की गं' म्हणेल. ती चिडली. म्हणाली, "तुला तास दिसतात. अगं, दिवसभर पाणी भर, दळण आण, धुणं धू, यातून मला कुणी बसू देत होतं का? हातात क्रोशाची सुई असली की आईसुद्धा हाक मारायची नाही. ती पाच महिन्यांची रात्रीची वेळ तेवढी माझी होती. तिची कसली मजुरी लावतेस?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही नाही. मी वहीत तिचे १५० तास खोडले नाहीत, पण त्यांच्यापुढे एक फुली करून ठेवली आहे. काकूला विचारता आलं असतं तर ती काय म्हणाली असती कोण जाणे. ती १९८१ मध्ये गेली.

ताईच्या नातीचं लग्न येत्या हिवाळ्यात पुण्यात आहे. रिसेप्शनला बारा टेबलं, आणि प्रत्येकावर घरी केलेलं काहीतरी हवं. मला 'मावशीआजी, स्वस्तात काय होईल?' असं विचारल्यावर मी सांगितलं की आधी किती हात आहेत ते मोज, मग रुपये मोज. आमचं ठरलं ते असं. घासून तेल लावलेल्या करवंट्यांमध्ये झेंडू आणि आंब्याची पानं, विड्याच्या पानांचे कुलपी विडे (ते तिच्या होणाऱ्या नवऱ्यानं नि त्याच्या मित्रांनी आदल्या रात्री बांधायचे, लवंगा टोचण्याचा सराव त्यांचा चालू आहे म्हणे), आणि लहान काचेच्या बरण्यांत वळवट. क्रोशाचं काही नको म्हणून मी सांगितलं होतं, पण ताईनं न विचारता बारा रुमाल विणायला घेतले आहेत. आठ झाले. आणि प्रत्येक टेबलावर एक चिठ्ठी, कोणती वस्तू कुणी केली त्याची, आमच्या शाळेच्या प्रदर्शनात असायची तशी. गव्हल्यांचे दोन हात नातीच्या सासूबाईंचे आहेत, त्यांना छान येतात, हे आम्हाला चिठ्ठ्या लिहायला बसल्यावर कळलं.

अडलंय ते फणुल्यांसाठी. त्याला बारीक दातांची, कोरी, न वापरलेली लाकडी फणी लागते. प्लास्टिकच्या कंगव्यावर मी करून पाहिल्या, रेघा उमटत नाहीत आणि पीठ दातांत अडकतं. तुळशीबागेत दोन चकरा मारल्या, मनाजोगी मिळाली नाही. तुमच्यापैकी कुणाकडे आजीच्या डब्यात पडून असेल, किंवा कुठे मिळते हे ठाऊक असेल, तर जरूर कळवा. चिठ्ठीवर फणी देणाऱ्याचंही नाव घालू.